39 किलो की 45 मिलिमीटर? हलक्या स्पोर्ट-टूररकडे वळणाऱ्या इंदूरच्या एका स्वाराचं प्रकरण

स्वार 54 वर्षांचे, उंची 167 सेंटीमीटर, वजन 72 किलो, घर इंदूरच्या राजेंद्रनगरात. गाडी हजार सीसी वर्गातली स्पोर्ट-टूरर, म्हणजे वेगवान पण लांबच्या प्रवासालाही बेतलेली मोटरसायकल: सीट 835 मिलिमीटर उंच, टाकी भरल्यावर वजन 235 किलो. महिन्यातून एकदा महेश्वर किंवा मांडू, वर्षातून दोनदा सेंधवा-धुळे-नाशिक करत पुणे. पुण्याच्या फेरीला मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना बॅगा.

मागच्या पावसाळ्यात ही गाडी दोनदा जागच्या जागी आडवी झाली. एकदा घराच्या रॅम्पवर, एकदा राऊजवळ यू-टर्न घेताना. दोन्ही वेळा वेग जवळजवळ शून्य. निदान स्वारांनी स्वतःच करून टाकलं: वय झालं, वजन झेपत नाही, हलकी गाडी घ्यायची. ते अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं तसंच ठेवून गाडी बदलली असती, तर निम्म्या तक्रारी नव्या गाडीवर बसून सोबत आल्या असत्या.

म्हणून आधी तक्रारी कागदावर घेतल्या. थांबताना गाडी कलते. रॅम्पवरून मागे ढकलताना दम लागतो. 70 किलोमीटरनंतर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. 100 किलोमीटरनंतर डावा गुडघा दुखतो. दीड तासानंतर बूड भाजल्यासारखं होतं. या पाचांतल्या पहिल्या दोनांचाच वजनाशी संबंध आहे, आणि त्यातलाही पहिला फक्त निम्मा.

कलणं: वजन आणि कोन

उभी गाडी सावरायला लागणारा जोर वजनावर ठरतो, तसाच ती किती कलली यावरही. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडलला धरलेला हात 85 सेंटीमीटरवर, असा ढोबळ हिशेब धरू. 235 किलोंची गाडी 10 अंश कलली, तर हातावर सुमारे 24 किलोंचा भार येतो. 196 किलोंची गाडी तेवढीच कलली, तर 20 किलो. फरक चार किलोंचा. आता तीच जड गाडी 20 अंशांपर्यंत गेली की भार 47 किलो होतो, आणि हलकी गाडी 20 अंशांवर 39 किलो मागते. म्हणजे 20 अंश कललेली हलकी गाडी ही 10 अंश कललेल्या जड गाडीपेक्षा कितीतरी जड.

मग गाडी 10 अंशांवर अडते की 20 वर पोचते, हे कशावर ठरतं? पाय जमिनीला किती लवकर आणि किती भरीव टेकतो, यावर. चवडा टेकलेला असेल तर घोटा आणि पोटरी कामाला लागतात आणि कलणं सुरुवातीलाच थोपतं. नुसती बोटांची टोकं टेकणाऱ्याला आधी गाडी त्या बाजूला येऊ द्यावी लागते, तेव्हा कुठे जोर लावता येतो. राऊच्या यू-टर्नला नेमकं हेच झालं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो, आणि उजवा पाय उतरत्या बाजूला टेकायला गेला. जमीन अपेक्षेपेक्षा तीन-चार सेंटीमीटर खाली होती. तेवढ्यानं काम झालं.

दोरीचं माप

जाहिरातीतली सीटची उंची हे अर्धंच माप आहे. सीट पुढे किती रुंद आहे ते त्यात येत नाही, आणि रुंद सीट पाय फाकवून तेवढीच उंची खाऊन टाकते. त्यामुळे दोन मापं घ्यायची.

पहिलं माप स्वाराचं. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. जाड पुस्तक, कणा वर करून, दोन्ही पायांमध्ये सीटवर बसल्यासारखं घट्ट वर सरकवायचं. कण्यापाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करून जमिनीपर्यंत मोजायचं. इथे 760 मिलिमीटर आले. बुटाचा तळ 25 धरून 785, दोन्ही पायांचे 1,570.

दुसरं माप गाडीचं. गाडी सरळ उभी धरायला एक माणूस लागतो. न ताणणारी दोरी एका बाजूच्या जमिनीपासून, जिथे मांड्या येतात त्या सीटच्या पुढच्या भागावरून, दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत. जुन्या गाडीवर 1,850 भरली. स्वार बसल्यावर सस्पेन्शन 30 मिलिमीटर दबतं, दोन्ही बाजूंचे 60 वजा केले की 1,790. पायांच्या 1,570 पासून अंतर 220, म्हणजे प्रत्येक टाच 110 मिलिमीटर उचललेली. बहुतेकांच्या घोट्याची ही शेवटची हद्द.

दबण्याचा हा आकडा अंदाजाने धरू नये. मागच्या आसापासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत मोजा: एकदा चाक उचलून, एकदा स्वार पूर्ण पोशाखात बसलेला असताना. रस्त्यावरच्या गाडीला 30 ते 40 मिलिमीटरचा फरक ठीक. जोडीदार आणि सामान धरून कुणीतरी प्रीलोड (मागची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) कसून ठेवलेला असतो आणि तो एकट्याच्या फेरीलाही तसाच राहतो. मग सीट विनाकारण सेंटीमीटरभर वर. या गाडीत नेमकं तेच निघालं. पुण्याहून आल्यापासून प्रीलोडला कुणी हात लावला नव्हता. तो सैल केल्यावर मोजणी पुन्हा केली, वरचा 30 चा आकडा त्यानंतरचा आहे.

सीट

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो, आणि सगळ्यात जास्त नासाडीही इथेच होते.

पाय पुरत नाही म्हटल्यावर सीट मधून कापायला सांगितली जाते. चूक. मधला फोम बैठकीच्या हाडांखालचा असतो, तो पातळ झाला की तासाभरात हाडं खालच्या प्लास्टिकच्या पाटीला लागतात. कापायचे असतात ते सीटचे पुढचे दोन खांदे, मांडी जिथे सीटच्या कडेवरून खाली वळते तिथे. प्रत्येक बाजूने 12 ते 15 मिलिमीटर तिरके काढले, तर बसायची जागा तशीच राहून पाय सरळ खाली उतरतो.

या प्रकरणात काम दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा सीटवाल्याने विचारलं, "भिया, कितना दबाना है?" आणि उत्तर गेलं, "एक इंच." त्याने एक इंच मधून काढला आणि वर मऊ फोमचा थर दिला. दुकानासमोर पाच मिनिटं गादीसारखं वाटलं. मानपूरचा घाट उतरेपर्यंत दोन्ही हाडं पाटीवर होती. मऊ फोमचं असंच असतं: अंगठ्याने दाबला तर छान, 72 किलोंखाली दहा मिनिटांत चपटा.

दुसऱ्यांदा क्रम बदलला. रायडिंगची पँट आणि बूट घालून सीटवर बसवलं, मांडीच्या आतल्या कडेने खडूची रेघ मारली, आणि कापणी फक्त त्या रेघेबाहेर. आधी हॅक्सॉ ब्लेडने, मग खरखरीत सँडपेपरने, दर दोन-तीन मिलिमीटरला पुन्हा बसून बघत. मधला मऊ थर काढून तिथे दाट फोम चिकटवला. सोल्यूशन रात्रभर सुकू दिलं, कारण ओल्यावर कव्हर ताणलं की थर सरकतो आणि एका बाजूला उंचवटा येतो. हाडांखाली फोम 40 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवला नाही. कव्हरखाली पातळ प्लास्टिक, म्हणजे पावसाचं पाणी शिलाईतून फोममध्ये मुरत नाही. शिलाई बसायच्या जागेवरून नेऊ दिली नाही.

आणि उतार. मूळ सीट टाकीकडे 6 अंश उतरती होती, फोनमधल्या लेव्हलवर सहज कळतं. हा उतारच करंगळीच्या बधिरपणाचं मूळ निघाला. पाय पुरत नाही म्हणून स्वार मुद्दाम पुढे, अरुंद भागावर बसत. ब्रेकला अजून पुढे घसरत. घसरू नये म्हणून तळहाताने हँडल पुढे ढकलत. सत्तर किलोमीटर हेच चालू. मागच्या बाजूचा फोम थोडा उतरवून उतार 2 अंशांवर आणला, आणि हातांवरचा भार त्याच दिवशी कमी झाला. दोरी आता 1,815 भरते. टाचा 110 वरून साधारण 92 वर आल्या. दोन सेंटीमीटरसुद्धा नाहीत, पण टोकावरून चवड्याकडे सरकायला तेवढे पुरतात.

जेलचे पॅड इंदुरात मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या गाडीवर लावून पाहावेत, म्हणजे त्यांचा मोह आपोआप सुटतो.

कुठलं बोट, कुठला गुडघा

हात बधिर होतो एवढं सांगून भागत नाही. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर दाब येतो आहे: भार, घसरण, हातमोज्याची जाड शिवण. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगट वाकलेलं आहे, म्हणजे लिव्हरचा कोन चुकलाय. इथे पहिला प्रकार होता, तरी लिव्हरही तपासले. गाडीवर नेहमीच्या बैठकीत बसून डोळे मिटायचे, हात ग्रिपवर ठेवून बोटं सरळ पुढे काढायची. बोटं लिव्हरवर अलगद पडली पाहिजेत, मनगट वर मोडता कामा नये. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर फिरवता येतो. ब्रेकच्या बाजूला मास्टर सिलिंडर सोबत फिरतो, तेव्हा डब्यातली तेलाची पातळी आणि पाइपाला ताण येत नाही ना हे बघून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मगच कसायचं. केबलच्या क्लचला लिव्हरच्या मुळाशी 2 ते 3 मिलिमीटर मोकळीक ठेवायची. ती शून्य असेल तर क्लच घसरतो, आणि पाच-सहा असेल तर न्यूट्रल सापडत नाही.

दुखणारा गुडघा फक्त डावा होता. ही खूण महत्त्वाची. फुटरेस्ट उंच असल्याने गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो, हे खरं, पण मग दोन्ही दुखले असते. डावा एकटाच दुखतो तेव्हा गिअर लिव्हर बघायचा. तो इतका खाली होता की जाड बुटाची चोच खाली घालायला प्रत्येक वेळी पाय बाहेर फिरवावा लागे, आणि तो पीळ गुडघ्यात जाई. लिव्हरच्या दांड्याला दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि त्यातल्या एकाचे आटे उलटे असतात. उलट्या नटाला सरळ समजून जोर लावला की दांडा वाकतो. दोन्ही नट सैल करून दांडा फिरवला, लिव्हर 12 मिलिमीटर वर आला. दोन्ही टोकांना निदान 6 मिलिमीटर आटे आत राहिलेच पाहिजेत. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं.

यानंतर राऊ, महू, मानपूर आणि परत, असा नव्वदएक किलोमीटरचा फेरा तीनदा झाला. जवळच पिथमपूरला 2021 पासून नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण बैठकीची परीक्षा घ्यायला आग्रा-मुंबई रस्त्याचे खड्डे आणि टोलनाक्यावरची रांगच बरी. तिसऱ्या फेरीपर्यंत बोटं, गुडघा, बूड यांतलं काही दुखत नव्हतं. उरल्या दोन तक्रारी: थांबताना कलणं, आणि रॅम्प.

रॅम्प

घरचा रॅम्प आठास एक चढाचा. गाडी त्यावर धरून ठेवायला किंवा ढकलायला वजनाचा आठवा भाग लागतो: 235 किलोंना 29 किलो, 196 किलोंना साडेचोवीस. पाच किलो कमी, दम वाचेल, पण पडणं थांबेलच असं नाही. पडण्याचं कारण वेगळं होतं. गाडी नाक पुढे करून चढवायची आणि सकाळी मागे उतरवायची ही सवय. उतारावर मागे येताना पुढच्या चाकावर भार राहत नाही. पुढचा ब्रेक दाबला की ओल्या फरशीवर चाक तसंच घसरतं, आणि हातात काही उरत नाही. उपाय: इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, क्लच थोडा थोडा सोडत उतरायचं. क्लच सोडला की मागचं चाक धरलं जातं, तोच ब्रेक. शिवाय माणसाने गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून, कंबर सीटला टेकवून चालायचं, म्हणजे गाडी कलली तर अंगावर येते आणि पेलते.

नव्या गाड्या

तीन गाड्या यादीत होत्या. कावासाकी निंजा 650: 196 किलो, सीट 790, टाकी 15 लिटर. सुझुकी जीएसएक्स-8आर: 205 किलो, सीट 810, टाकी 14 लिटर. ट्रायम्फ टायगर स्पोर्ट 660: 206 किलो, सीट 835.

टायगर स्पोर्टवर बैठक सगळ्यांत सरळ, विंडस्क्रीन एका हाताने वर-खाली होते, प्रीलोड बदलायला स्पॅनर लागत नाही, नुसती मूठ फिरवायची. लांबच्या रस्त्याला तिघींत तीच उजवी. पण सीट जुन्या गाडीइतकीच उंच. वजन 29 किलो कमी करून घ्यायचं आणि पायाची बोटं मात्र तिथेच टेकवायची, हा सौदा या स्वारांच्या कामाचा नाही. 180 सेंटीमीटरच्या माणसाला हेच उत्तर उलटं दिलं असतं.

निंजाची सीट 45 मिलिमीटर खाली. रुंदी सारखीच धरली तरी दोरी 90 ने आखूड होते आणि टाच 110 ऐवजी 65 वर येते, म्हणजे चवडा पूर्ण टेकतो. कलण्याच्या हिशेबात हे 45 मिलिमीटर 39 किलोंपेक्षा जास्त कामाचे. मोबदल्यात द्यावं लागतं तेही बघितलं पाहिजे. सीट खाली आली की फुटरेस्टपर्यंतचं अंतर कमी होतं आणि गुडघा अधिक दुमडतो. 760 च्या पायाला ते चालतं, 850 वाल्याला नाही. विंडस्क्रीन लहान, वारा छातीवर येतो. हलकी गाडी आडव्या वाऱ्यात जास्त हलते, खलघाटच्या नर्मदा पुलावर ट्रक शेजारून गेला की ते कळतं. हँडल आवळून धरलं तर ती हलणं वाढवते. कोपर सैल, गुडघे टाकीला.

शोरूमची चक्कर चार-पाच किलोमीटरची असते, आणि त्यात फक्त इंजिन आवडतं. दुखणं चाळीस मिनिटांनंतर सुरू होतं. तेव्हा आधी शोरूममध्येच, गाडी सरळ उभी धरवून, हेल्मेट-बूट-जॅकेटसह वीस मिनिटं बसायचं. पाय फुटरेस्टवर ठेवून हात ग्रिपवरून अलगद उचलायचे: धड पुढे कोसळत असेल, तर ते वजन हात उचलत होते. बाजूने, कमरेच्या उंचीवरून एक फोटो काढायचा आणि जुन्या गाडीवरच्या फोटोशेजारी ठेवायचा. जमलं तर भाड्याने एक दिवस. विंडस्क्रीनचं असं: सरळ रस्त्यावर 80 च्या वेगाने पाच सेंटीमीटर उठून आणि वाकून बघायचं. वाकल्यावर डोक्यावरची धडधड थांबली तर स्क्रीन उंच हवी. उठल्यावर थांबली, तर आखूड.

बसकी लिंकेज (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारा जोड) लावून टायगर खाली आणू, हा पर्यायही पुढे आला होता. मागची बाजू 25 मिलिमीटर उतरवली आणि पुढचे फोर्क तेवढे वर सरकवले नाहीत, तर गाडी वळायला जड होते. वळणात जमिनीला लवकर घासते. आणि साइड स्टँड आता लांब पडतो, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि जरा उताराची जागा मिळाली की पलीकडे जाते. उभ्याउभ्या पडण्याच्या तक्रारीवर हा उपाय कसला?

पत्नी शोरूममध्ये निंजाच्या मागच्या सीटवर पंधरा मिनिटं बसल्या. पाय जास्त दुमडलेले, सीट लहान, धरायला जागा नाही. "अहो, यावर मी महेश्वरपर्यंत येईन. पुण्याला तुम्ही एकटे जा, मी बसने येते." वर्षातून दोन फेऱ्यांसाठी उरलेले सगळे दिवस 835 वर काढायचे का, असा प्रश्न मग उरला. निंजा ठरली.

ताबा घेतानाच लिव्हरचे कोन आणि गिअर लिव्हर स्वारांच्या बुटावर लावून घेतले. एकट्याच्या प्रीलोडची जागा रंगाच्या ठिपक्याने खुणावली, दोघांच्या प्रीलोडची दुसऱ्या रंगाने. महेश्वरहून आल्यावर सी-स्पॅनरने प्रीलोड पहिल्या ठिपक्यावर परत, बॅगा उतरवायच्या आधी. सीटला हात पहिले हजार किलोमीटर लावायचा नाही, नवा फोम तेवढ्यात बसतो, आणि खडूची रेघ त्यानंतरच.